द्विभाषी बालकाच्या वाणीचा अभ्यास : एका संशोधनपरंपरेचा इतिहास

१. विषयप्रवेश

मूल बोलावयास कसे शिकते, हा प्रश्न भाषाशास्त्राहून पुष्कळ जुना आहे. ईजिप्तचा राजा साम्मेटिकस याने दोन अर्भके एका मेंढपाळाच्या स्वाधीन करून त्यांच्यासमोर कोणीही एक शब्दसुद्धा उच्चारू नये अशी आज्ञा दिली, अशी कथा हेरोडोटसने सांगितली आहे. मुलांच्या तोंडून पहिला शब्द कोणत्या भाषेतील निघतो, त्यावरून मानवजातीची आद्यभाषा ठरवावयाची होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकबर बादशहाने अशाच प्रकारचा प्रयोग केल्याचा वृत्तान्त 'अकबरनाम्या'त आढळतो. ज्या वास्तूत ती मुले ठेविली होती तिला 'गुंग महाल' असे नाव पडले. काही वर्षांनी बादशहा तेथे गेला तेव्हा त्या मुलांकडून त्यास भाषा म्हणता येईल असे काहीही ऐकावयास मिळाले नाही.

मुलाला समाजापासून तोडले म्हणजे त्याची भाषाच खुंटते, हा बोध या दुसऱ्या प्रयोगातून सरळ मिळतो. परंतु या दोन्ही प्रयोगांच्या मुळाशी आणखी एक गृहीत आहे, व त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ते असे की, मुलाची स्वाभाविक भाषा ही एकच असावयाची. राजांचे प्रयोग मागे पडले. पण हे गृहीत मात्र आधुनिक शास्त्रातही दीर्घकाळ टिकून राहिले. प्रस्तुत लेखात १९१३ पासून आजपर्यंतच्या द्विभाषी बालकांच्या अभ्यासाचा मागोवा घेऊन, हे गृहीत कोणत्या पुराव्याने डळमळले आणि त्या पुराव्यात भारतीय भूमीचा वाटा कोणता, हे पाहावयाचे आहे. विषय केवळ शास्त्रीय जिज्ञासेचा नाही. घरी एक भाषा व शाळेत दुसरी भाषा ऐकणाऱ्या मुलाची योग्यता आपण कोणत्या मापाने मोजतो, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

२. पित्याची नोंदवही

बालभाषेच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात झाला. तेन याचा लेख १८७६ मध्ये, डार्विनचे आपल्या मुलाविषयीचे टिपण १८७७ मध्ये व प्रायर याचा ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लारा व विल्यम श्टेर्न या जर्मन दांपत्याने स्वतःच्या मुलांविषयी ठेविलेल्या नोंदींवरून १९०७ मध्ये बालभाषेवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. या सर्वांची पद्धती सारखीच होती. विद्वान आईबाप स्वतःच्या मुलाचे बोलणे टिपून ठेवीत, आणि ते मूल प्रायः एकभाषी घरातील असे.

या परंपरेत झ्यूल रोंझा या फ्रेंच पंडिताने १९१३ मध्ये एक नवे दालन उघडले. त्याचा मुलगा लुई हा १९०८ साली जन्मला. पिता फ्रेंच व माता जर्मन. मुलाच्या जन्माच्या सुमारास मोरीस ग्रामों या भाषाशास्त्रज्ञाने रोंझास असा सल्ला दिला की, प्रत्येक माणसाने मुलाशी एकच भाषा बोलावी. पित्याने फ्रेंच, मातेने जर्मन, आणि या नियमात कधीही अदलाबदल करू नये. रोंझा कुटुंबाने हा नियम निष्ठेने पाळला. मुलाचे उच्चार दोन्ही भाषांत स्वाभाविक राहिले, दोन्ही भाषांचा विकास समांतर झाला, आणि त्यामुळे त्याच्या वाढीस कोणतीही बाधा आली नाही, असा रोंझाचा निष्कर्ष होता. 'एक व्यक्ती, एक भाषा' हे सूत्र तेव्हापासून या शास्त्रात रूढ झाले. मिलिवोये पाव्लोविच याने सर्बियन व फ्रेंच या भाषा शिकणाऱ्या एका मुलाचा अभ्यास १९२० मध्ये प्रसिद्ध केला. तोही याच मालिकेतील होय.

रोंझाच्या ग्रंथाचे मोल मोठे आहे. तथापि त्या घराची घडण ध्यानात घेतली पाहिजे. फ्रेंच आणि जर्मन या दोन्ही भाषांना ग्रंथ, विद्यापीठ व राज्य यांचा आधार होता. घरातील कोणाही माणसास आपली भाषा बोलण्याचा संकोच वाटण्याचे कारण नव्हते. विशेष हे की, रोंझा हा स्वतः दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान बोलींचा गाढा अभ्यासक होता, आणि त्याच काळात फ्रान्समधील शाळांतून या बोली बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. म्हणजे एकाच देशात, एकाच काळात, एका मुलाचे द्वैभाषिकत्व हे कौतुकाचा विषय होते, आणि दुसऱ्याचे अपराध ठरत होते. भाषांची संख्या दोन्हीकडे सारखीच होती. प्रतिष्ठा मात्र सारखी नव्हती.

३. बुद्धिमापनाचा काळ

रोंझाचा आशावादी निष्कर्ष त्यानंतरच्या पिढीने स्वीकारला नाही. ओटो येस्पर्सन याने १९२२ मध्ये आपल्या भाषाविषयक ग्रंथात असे मत मांडले की, दोन भाषा शिकणाऱ्या मुलास त्यांपैकी एकही भाषा पूर्णत्वाने येणे कठीण, आणि दोन भाषांवर खर्च होणारी बौद्धिक शक्ती इतर विषयांना उणी पडते. हे मत निरीक्षणापेक्षा तर्कावर अधिक आधारलेले होते. परंतु बुद्धिमापनाच्या नव्या शास्त्राने त्याला लवकरच आकड्यांचे बळ दिले.

वेल्समध्ये डी. जे. सेर याने ७ ते १४ वर्षे वयाच्या मुलांची बुद्धिमापन-चाचणी घेऊन १९२३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रामीण भागातील वेल्श व इंग्रजी बोलणारी मुले केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या मागे पडलेली दिसली. नागरी भागात मात्र असा फरक आढळला नाही. या दुसऱ्या गोष्टीपाशी संशोधकांनी थबकावयास हवे होते. दोष द्वैभाषिकत्वाचा असता तर तो गावात आणि शहरात सारखाच दिसला असता. गावात दिसून शहरात दिसत नाही, तेव्हा कारण भाषेत नसून राहणीत, शिक्षणाच्या सोयींत व चाचणीच्या भाषेत असावे, हा तर्क सरळ होता. परंतु १८४७ मधील सरकारी चौकशी-अहवालापासून वेल्श भाषेस मागासलेपणाचे कारण मानण्याची प्रवृत्ती रुजलेली होती, आणि सेरच्या आकड्यांतून तिला अनुकूल तेवढाच भाग उचलला गेला.

अमेरिकेतही स्थलांतरितांच्या मुलांविषयी अशीच अनुमाने निघाली. मॅडोरा स्मिथ हिने १९३९ मध्ये हवाई बेटांतील शाळापूर्व वयाच्या मुलांचे इंग्रजी तपासले, व त्यांतील चुकांचे कारण द्वैभाषिकत्वात शोधले. ही मुले जी इंग्रजी आपल्या परिसरात ऐकत होती तीच मुळी प्रमाण इंग्रजीहून निराळी होती. मुलांनी ऐकलेली भाषा बिनचूक उचलली, तरी परीक्षकाच्या वहीत तिची नोंद चूक म्हणून होत असे. भाषा शिकण्यात मुलास आलेले यश आणि प्रमाण भाषेशी त्याचे जुळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या काळातील बहुतेक अभ्यासांत त्या एक मानल्या गेल्या.

४. लेओपोल्डचे चार खंड

याच काळात वेर्नर लेओपोल्ड याचे काम चालू होते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जर्मनचा अध्यापक असलेल्या लेओपोल्डने आपली कन्या हिल्डेगार्ड (जन्म १९३०) हिच्या भाषेचा अभ्यास १९३९ ते १९४९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केला. पहिल्या खंडात पहिल्या दोन वर्षांतील शब्दसंग्रह, दुसऱ्यात ध्वनी, तिसऱ्यात व्याकरण, व चौथ्यात दोन वर्षांनंतरची दैनंदिनी अशी मांडणी आहे. पिता मुलीशी जर्मन बोले, माता इंग्रजी.

लेओपोल्डच्या नोंदींतून तीन गोष्टी निष्पन्न झाल्या. एक, पहिल्या दोन वर्षांत दोन्ही भाषांचे शब्द एकत्र वापरले जात असून त्यानंतर त्या विभक्त झाल्या, असे त्यास दिसले. दोन, कोणती भाषा बलवत्तर हे कायमचे ठरलेले नसते. हिल्डेगार्ड पाच वर्षांची असताना काही महिने जर्मनीत राहिली. तेथे जर्मन झपाट्याने पुढे आली व इंग्रजी मागे पडली, आणि परतल्यावर हा क्रम पुन्हा उलटला. तीन, शब्द व वस्तू यांची गाठ या मुलीच्या मनात सैल होती. गोष्ट सांगताना एखादा शब्द बदलला तर एकभाषी मुले हट्टाने जुनाच शब्द मागतात; हिल्डेगार्डने तसा आग्रह धरला नाही. लेओपोल्डने यास उणीव न मानता लाभ मानले; नाम निराळे व नामी निराळा, हे ज्ञान तिला लौकर झाले, असे त्याचे म्हणणे.

लेओपोल्डचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर लवकरच भाषासंपर्काच्या शास्त्राची पायाभरणी झाली. वाइनराइख व हाउगेन या दोघांचे ग्रंथ १९५३ सालचे. त्याच वर्षी युनेस्कोने शिक्षणात देशी भाषांच्या वापराविषयीचा अहवाल प्रसिद्ध करून प्रारंभिक शिक्षण मातृभाषेतून असावे असा पुरस्कार केला.

५. मापाची दुरुस्ती

१९६२ मध्ये एलिझाबेथ पील व वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रिऑल येथील दहा वर्षांच्या १६४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन्ही गटांतील मुले सामाजिक व आर्थिक स्थितीच्या दृष्टीने तुल्य राहतील अशी काळजी घेतली. निष्कर्ष पूर्वीच्या उलट आला. भाषिक व भाषानिरपेक्ष अशा दोन्ही प्रकारच्या चाचण्यांत द्विभाषी मुले सरस ठरली. या अभ्यासावरही आक्षेप आहे. दोन्ही भाषांवर सारखे प्रभुत्व असलेलीच मुले द्विभाषी गटात घेतली गेली. अशी मुले मुळातच हुशार असण्याचा संभव अधिक. पुढे एलन बियालिस्टॉक व इतरांनी द्विभाषी मुलांत अवधान-नियंत्रणाची शक्ती अधिक असते असे प्रतिपादन केले, आणि तेही मोठ्या संख्येच्या अभ्यासांत सर्वत्र टिकले नाही. म्हणून द्वैभाषिकत्वाने बुद्धी वाढते, अशी घोषणा करण्याचे आपणास कारण नाही. द्वैभाषिकत्वाने बुद्धी खुंटते या मताला आधार नाही, एवढे निश्चित झाले, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे.

मापाची दुसरी दुरुस्ती शब्दसंग्रहाच्या मोजणीत झाली. १९९३ मध्ये पिअर्सन, फर्नांडेझ व ऑलर यांनी मायामीतील इंग्रजी-स्पॅनिश मुलांचे शब्द दोन्ही भाषा मिळून मोजले, तेव्हा त्यांचा विकास एकभाषी मुलांच्या तोडीचा ठरला. आपल्या सीमाभागातील उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. एखाद्या मुलास 'पाणी' आणि 'दूध' हे शब्द मराठीत येतात, पण घराला ते कन्नडमधील 'मने' एवढेच म्हणते. केवळ मराठी मोजणाऱ्यास त्याच्याजवळ दोन शब्द दिसतील, केवळ कन्नड मोजणाऱ्यास एक. वस्तुतः तीनही वस्तूंची नावे त्यास अवगत आहेत. एका डोळ्याने पाहणाऱ्या परीक्षकास मूल अर्धे दिसावे, यात नवल नाही. पण उणीव मुलाच्या पदरी बांधली जाते.

६. भारतीय भूमीवरील साक्ष

भारतात दोन-तीन भाषांचा नित्य व्यवहार ही जुनी वस्तुस्थिती आहे. तंजावरचा मराठा राजा शाहजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) याच्या 'पंचभाषाविलास' या नाटकात पाच भाषा नांदतात. अशा नाटकास समजणारा प्रेक्षकही अपेक्षित असणार. जे प्रौढ अनेक भाषा सहज बोलत, ते कधीतरी अनेक भाषा शिकणारी मुले होते. परंतु त्यांच्या बोबड्या बोलांची नोंद कोणी ठेविली नाही, कारण ती गोष्ट कोणास अपूर्व वाटत नव्हती.

आधुनिक काळात या वस्तुस्थितीस शास्त्रीय रूप येऊ लागले ते १९५६ पासून. त्या वर्षी एमेनो याने भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' आहे, म्हणजे कुळाने भिन्न अशा भाषांत येथे समान लक्षणे रुजली आहेत, हे साधार दाखविले. १९६४ मध्ये अशोक केळकर यांचा मराठी बालबोलीवरील निबंध प्रसिद्ध झाला. मोठी माणसे मुलांशी बोलताना जी विशेष भाषा वापरतात तिचे ते वर्णन होते. 'मम्मं', 'भुर्र', 'जोजो', 'माऊ', 'काऊ' अशा शब्दांकडे आपण लाडिकपणा म्हणून पाहतो. पण त्यांची ध्वनिरचना व वापर नियमबद्ध असतात, आणि ते शब्द मूल निर्माण करीत नसून पिढ्यान्‌पिढ्या मोठी माणसेच मुलाच्या हाती देतात. त्याच वर्षी फर्ग्युसन याने सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली, तीत मराठीचा समावेश होता. या अभ्यासामुळे लक्ष मुलाच्या मुखावरून मुलाच्या भोवतालाकडे वळले.

१९७१ मध्ये गंपर्झ व विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील, शास्त्रग्रंथांत 'कुपवार' या नावाने प्रसिद्ध झालेल्या गावाचा अभ्यास प्रकाशित केला. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावात जैन व लिंगायत कन्नड, मुसलमान उर्दू व इतर काही समाज मराठी बोलत. तेलुगू बोलणारी थोडी घरेही होती. परस्परांच्या व्यवहारात मराठी वापरली जाई. शतकानुशतकांच्या सहवासाने या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, एका भाषेतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. शब्द व प्रत्यय मात्र ज्याचे त्याचे राहिले होते. २०१६ मध्ये सोनल कुलकर्णी-जोशी यांनी याच गावाच्या पुनरभ्यासावरून या सिद्धान्ताची चिकित्सा केली आहे, आणि भाषांचे नाते चाळीस वर्षांत स्थिर राहिलेले नाही हे त्यातून पुढे आले. म. वि. नाडकर्णी यांनी १९७५ मध्ये कर्नाटकातील सारस्वतांच्या कोंकणीत संबंधी उपवाक्याची रचना कन्नडच्या वळणावर गेल्याचे दाखविले.

हे अभ्यास प्रौढांच्या भाषेचे असले तरी त्यांचा बालभाषेशी संबंध निकटचा आहे. एखादी रचना प्रौढाच्या तोंडी आली तर ती सवय ठरते; तीच त्याच्या मुलाने पहिली भाषा म्हणून उचलली म्हणजे व्याकरण होते. कुपवारसारख्या गावातील मुलास दोन पूर्णतः भिन्न व्याकरणे शिकावी लागत नसून, एकाच साच्यात दोन प्रकारची शब्दसामग्री घालावी लागते, असे म्हणता येईल. रोंझाच्या मुलापुढचे काम याहून निराळे होते.

१९७२ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या गुणे स्मारक व्याख्यानांत प्रबोध पंडित यांनी या विचारास समाजशास्त्रीय बैठक दिली. पश्चिमेकडे स्थलांतरित कुटुंब दोन-तीन पिढ्यांत आपली भाषा टाकते, ते तेथे स्वाभाविक समजतात. भारतात भाषा टिकणे हेच स्वाभाविक. मुंबईतील गुजराती व्यापारी घरी, बाजारात, मंडईत व आगगाडीत निरनिराळ्या भाषा वापरतो, आणि त्यांतील एकही दुसरीची जागा घेत नाही. येथे 'एक व्यक्ती, एक भाषा' हे सूत्र लागू पडत नाही. एकेक व्यक्तीच अनेकभाषी असते आणि भाषा ठरते ती प्रसंगावरून. आपल्याकडील मूल माणसांबरोबर प्रसंगही ओळखावयास शिकते.

७. एक व्यवस्था की दोन ?

लेओपोल्डने ठेविलेला प्रश्न पुन्हा १९७८ मध्ये ऐरणीवर आला. वोल्टेर्रा व टेश्नर यांनी अशी मांडणी केली की, आरंभी मुलाजवळ दोन भाषांचा मिळून एकच शब्दकोश असतो, मग शब्दकोश दोन होतात, आणि शेवटी व्याकरणे विभक्त होतात. १९८९ मध्ये मायझेल व जेनेसी यांनी स्वतंत्रपणे यावर आक्षेप घेतले. जेनेसीचा मुद्दा पद्धतीचा होता. मूल भाषा मिसळते एवढ्यावरून त्यास त्या वेगळ्या कळत नाहीत असे सिद्ध होत नाही. ते कोणाशी बोलताना किती मिसळते आणि त्याच्याशी बोलणारे स्वतः किती मिसळतात, हे पाहिले पाहिजे. एलिझाबेथ लान्झा हिने १९९७ मध्ये नॉर्वेतील मुलांच्या अभ्यासातून हेच दाखविले की, मिश्रणाला पालक कसा प्रतिसाद देतात त्यावर मुलाचे मिश्रण अवलंबून असते.

अर्भकांवरील प्रयोगांनी या मतास पुष्टी दिली. बार्सेलोना येथे बॉश व सेबास्टियान-गालेस यांनी कॅटलन व स्पॅनिश ऐकणाऱ्या चार महिन्यांच्या मुलांना या दोन जवळच्या भाषांतील भेद कळतो असे दाखविले. २०१० मध्ये बायर्स-हाइनलाइन व तिच्या सहकाऱ्यांनी, गर्भावस्थेत दोन भाषा ऐकलेली नवजात मुले दोहोंकडे सारखे लक्ष देतात पण दोहोंतील भेदही ओळखतात, असे नोंदविले. मिश्रण हे गोंधळाचे चिन्ह, ही समजूत आता सोडून द्यावयास हवी. ज्या घरात वडील माणसेच एका वाक्यात दोन भाषा वापरतात, त्या घरातील मुलाने तसे केले तर ते आपल्या समाजाची रीत शिकले, एवढाच त्याचा अर्थ.

८. शाळेचा उंबरठा

या सर्व इतिहासाचा भार शेवटी शाळेच्या उंबरठ्यावर येऊन पडतो. अजित मोहंती यांनी ओडिशातील फुलबनी भागातील कंध जमातीच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. त्यावरील ग्रंथ म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. या जमातीच्या काही वस्त्यांत कुई व ओडिया या दोन्ही भाषा चालतात, तर काही वस्त्यांत कुई लोपून केवळ ओडिया उरली आहे. जमात एक, राहणी एक. भेद फक्त भाषेचा. जे सेरला वेल्समध्ये साधले नव्हते ते येथे परिस्थितीनेच साधून दिले. आणि निकाल असा की, कुई टिकविलेली द्विभाषी मुले बौद्धिक व भाषाविषयक चाचण्यांत मागे तर नव्हतीच, उलट पुढे होती. घरची भाषा टाकल्याने ओडिया सुधारली नाही, आणि ठेविल्याने बिघडली नाही.

महाराष्ट्रात गडचिरोलीत गोंडी, मेळघाटात कोरकू, नंदुरबारात भिल्ली बोलणारी मुले प्रमाण मराठीच्या शाळेत येतात. कोरकू ही मुंडा कुळातील, गोंडी द्राविड कुळातील. मराठीशी त्यांचे अंतर फ्रेंच-जर्मनमधील अंतराहून कितीतरी अधिक आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३५०-क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचा निर्देश आहे; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मातृभाषेचा पुरस्कार 'शक्यतो' या मर्यादेसह केलेला आहे. तरीही मूल वर्गात गप्प बसले की, घरी मराठीच बोला, असा उपदेश पालकांना होताना दिसतो. या उपदेशामागे येस्पर्सनचा १९२२ मधील तर्क उभा आहे. उपदेश करणारास त्याचे नावही ठाऊक नसेल.

या उपदेशाचा परिणाम दुहेरी होतो. जी मराठी आईला स्वतःला तुटपुंजी येते, तीत ती मुलाशी बोलू लागते. म्हणजे गोष्ट, रागावणे, समजूत घालणे, नाती सांगणे या सर्वांसाठी मुलास मिळणारी भाषा एकदम दरिद्री होते. ज्या समृद्ध भाषेच्या आधारावर दुसरी भाषा उभी राहावयाची, तोच आधार काढून घेतला जातो. आणि आपल्या आईची भाषा ही लपविण्याची गोष्ट आहे, हा धडा मूल पहिल्याच वर्षी शिकते.

९. समारोप

शंभराहून अधिक वर्षांच्या या परंपरेत प्रश्नाचे केंद्र दोनदा बदलले. प्रथम ते मुलाच्या मुखाशी होते, मग बुद्धिमापनाच्या कागदावर गेले, आणि अखेर मुलाच्या समाजात आले. प्रत्येक टप्प्यावर उत्तर कोणते मिळेल हे पुष्कळ अंशी कोणत्या मुलांस मोजले यावर ठरले. पंडितांची मुले मोजली तेव्हा द्वैभाषिकत्व वरदान दिसले, गरिबांची मोजली तेव्हा शाप दिसले. तुल्य मुलांची तुलना झाली तेव्हा त्यातील भाषेचा भाग आणि दारिद्र्याचा भाग वेगळे झाले.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २६ टक्के लोकांनी मातृभाषेखेरीज आणखी एक भाषा येत असल्याचे सांगितले, व सुमारे ७ टक्के लोकांनी तिसरीही. घरची वऱ्हाडी व शाळेची प्रमाण मराठी या दोहोंची गणना तेथे एकाच नावाखाली होते, हे लक्षात घेतल्यास भाषांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांची खरी संख्या याहून मोठी आहे. रोंझाजवळ एक वही, एक मूल व पुष्कळ चिकाटी एवढेच साहित्य होते. सातपुड्यातील, सीमाभागातील वा मुंबईच्या वस्तीतील एखाद्या घरात, त्या घराच्या संमतीने, एका मुलाचे बोलणे दोन वर्षे नियमाने टिपून ठेवणे हे आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. मूल कोणाशी, कोणत्या प्रसंगी, कोणती भाषा बोलले, आणि त्यास कोणत्या भाषेत उत्तर मिळाले, एवढे चार रकाने त्या वहीस पुरेत. शाळेने त्या मुलाविषयी काही मत बनविण्यापूर्वी ती वही तयार असावी.